टोमॅटोचं सोवळं

पितृपक्ष लागला की बेळगावच्या भाजीबाजारात गवार, कारली, लाल भोपळा, अळू आणि मेथी यांना मागणी येते. टोमॅटोचे ढीग शेजारीच असतात, पण श्राद्धाची यादी घेऊन आलेली बाई तिकडे वळत नाही. आंबटपणासाठी तिच्या घरी आमसुलं आहेत. श्राद्धाच्या पानात आमसुलाची चटणी हवीच हवी. टोमॅटो मात्र त्या दिवशी स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडत नाही.

आता ज्यांच्या तिथीला हा स्वयंपाक होतो, अशा एखाद्या आजोबांचा विचार करावा. हयातभर ते टोमॅटोचं सार वाटीवर वाटी प्यायले. तापातून उठल्यावर तोंडाला चव आली ती त्याच साराने. हिरव्या टोमॅटोची शेंगदाणे आणि लसूण घालून वाटलेली चटणी नसली तर त्यांना भाकरी गोड लागत नसे. आणि ते गेले, पितर झाले, तशी त्यांच्या नावाने वाढलेल्या पानातून नेमकी हीच वस्तू गळाली. देह सुटला की आवडही सुटते का? घरातली लहान मुलं हा प्रश्न विचारतात आणि मोठी माणसं 'चालत नाही' एवढं सांगून पुढच्या कामाला लागतात. या दोन शब्दांच्या पोटात धर्माचा आणि तत्त्वज्ञानाचा एक जुना पेच दडलेला आहे: एखादी वस्तू आपली की परकी, शुद्ध की अशुद्ध, हे कोण ठरवतं? ती वस्तू, की आपण?

एक उत्तर श्राद्धविधीतच सापडतं. पिंड तिघांना द्यायचे असतात: वडील, आजोबा आणि पणजोबा. वसू, रुद्र आणि आदित्य ही त्यांची रूपं. तीन पिढ्या एका पंगतीला बसवायच्या, तर ताटात तेच हवं जे तिघांच्याही ओळखीचं आहे. पणजोबांनी टोमॅटो कधी तोंडात घातला नसेल, तर त्यांच्यासमोर तो कसा ठेवायचा? हा विचार मनाला भिडतो. त्यात पितरांविषयीची माया आहे, नव्याचा तिटकारा नाही.

पण पुरावा तपासायला बसलं की हे उत्तर डळमळतं. श्राद्धाच्या त्याच पानात मानाने बसलेला लाल भोपळा मूळचा अमेरिकेचा आहे. कोलंबसाच्या आधी आशियातल्या कोणत्याही माणसाने तो पाहिलेला नव्हता. टोमॅटो ज्या खंडातून आला, त्याच खंडातून, त्याच काळातल्या दर्यावर्दींच्या हातून तो आला, आणि इथे येऊन पितरांच्या पानात पोचला. त्याच्याबरोबर निघालेला टोमॅटो मात्र अजून दाराबाहेर उभा आहे.

उपवासाचं ताट तर याहून थक्क करणारं आहे. साबुदाण्याची खिचडी घ्यावी. आपल्याकडचा साबुदाणा कसाव्याच्या कंदापासून होतो, आणि कसावा दक्षिण अमेरिकेचा. शेंगदाणे तिथलेच. बटाटा तिथलाच. हिरवी मिरचीही अमेरिकेचीच. रताळंही तिकडचंच. तुपाची धार आणि जिऱ्याची फोडणी सोडली तर एकादशीचं ते संपूर्ण ताट सोळाव्या शतकापासून पुढे समुद्रापलीकडून आलेलं आहे. चिंचेची गोष्ट वेगळी. ती इतक्या पुरातन काळी आली की तिचं परकेपण कुणाच्या स्मरणातच उरलं नाही. अरबांनी तिला 'हिंदचा खजूर' म्हटलं आणि युरोपने तेच नाव उचललं, पण वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने चिंचेचं मूळ घर आफ्रिका.

तेव्हा 'परका म्हणून वर्ज्य' हे कारण एकट्याने पुरत नाही. परकेपणाला मुदत असते, आणि ती मुदत सगळ्यांना सारखी मिळत नाही.

बेळगाव परिसरातल्या माध्व घरांची बात निराळी. तिथे हा नियम अधिक काटेकोरपणे पाळला जातो. मडीच्या, म्हणजे सोवळ्याच्या स्वयंपाकात टोमॅटोबरोबर मिरची आणि बटाटाही नाही, तिखटासाठी मिरी. चातुर्मासाच्या पहिल्या महिन्यात शाकव्रत, मग दह्याचा त्याग, मग दुधाचा, शेवटी द्विदल धान्यांचा. शाकव्रतात चिंचसुद्धा बाजूला राहते आणि आंबटपणा आंब्यावर भागवला जातो. पुरीच्या जगन्नाथाच्या महाप्रसादातही टोमॅटो, बटाटा आणि मिरची नसतात. जिथे नियम असा एकसारखा लागू होतो, तिथे त्याचं रूप स्वच्छ दिसतं: आधीच्यांच्या ताटात जे नव्हतं ते देवाच्या ताटात नाही. यात टोमॅटोवर ठपका नाही. देवाघरचा काळ बाहेरच्या काळापेक्षा हळू चालतो, एवढंच त्यातून कळतं.

लोकभाषेने मात्र टोमॅटोचं कूळ शास्त्रज्ञांना न विचारताच ओळखलं होतं. बंगालीत तो 'बिलिती बेगुन', ओडियात 'बिलाती बाइगण', म्हणजे विलायती वांगं. जुन्या मराठीत वेलवांगी. कन्नडमध्ये 'चप्परबदने', मांडवावरचं वांगं. निपाणीकडे टमाटं, कोकणाच्या अंगाने तांबाटी, वऱ्हाडात भेदरं. वांगं, टोमॅटो, बटाटा आणि मिरची ही खरोखरच एका घरातली भावंडं. चौघांच्याही गुणसूत्रांचा मूळ संच बाराचा. टोमॅटोचा संपूर्ण जनुकसंच २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा त्यात सुमारे ३५ हजार जनुकं मोजली गेली. माणसात ती वीस हजारांच्या आसपास आहेत. त्या कामात भारतीय शास्त्रज्ञांचाही वाटा होता. पाचवं गुणसूत्र त्यांनी वाचलं.

हे नातं कळल्यावर धर्मशास्त्रापुढे एक अवघड प्रश्न उभा राहतो. आषाढातल्या कांदेनवमीला वांग्याचं भरीत खाऊन पुष्कळ मराठी घरं वांगं सोडतात आणि मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून परत धरतात. वांगं वर्ज्य, तर 'विलायती वांगं' वर्ज्य का नाही? निषेध नावाला लागतो, रूपाला लागतो की कुळाला? न्यायदर्शनात शब्दाचा अर्थ सांगताना व्यक्ती, आकृती आणि जाती असे तीन पदर सांगितले आहेत. समोरची एक गाय, गाईचा आकार, आणि सगळ्या गाईंत असलेलं गोत्व. वांगं म्हणजे यातलं काय सोडायचं? वाराणसीच्या भारतीय भाजीपाला संशोधन संस्थेने 'ब्रिमॅटो' नावाचं कलम तयार केलं आहे. एकाच झाडाला एका फांदीवर वांगी, दुसऱ्या फांदीवर टोमॅटो. चातुर्मासात त्या झाडापुढे उभं राहिलेल्या माणसाने कोणत्या फांदीला हात लावावा? घरातली आजी याचं उत्तर क्षणात देईल: टोमॅटो घे, वांगं राहू दे. मूळ, खोड आणि रस एक असले तरी तिच्यासाठी नियम फळाला लागतो. तिचं उत्तर बरोबर आहे, आणि ते का बरोबर आहे हे सांगायला तत्त्ववेत्त्याला बरीच पानं लागतील.

वस्तूचं 'कोण' ठरवण्याचा हा खटला एकदा खऱ्याखुऱ्या न्यायालयातही चालला. अमेरिकेत १८८३ च्या कायद्याने परदेशी भाज्यांवर दहा टक्के जकात बसवली; फळं मात्र मोकळी. जॉन निक्स हा न्यूयॉर्कचा व्यापारी टोमॅटो आयात करी. बंदरावरचे जकात अधिकारी एडवर्ड हेडन यांनी त्याच्याकडून भाजीची जकात घेतली. निक्सने दावा लावला: वनस्पतिशास्त्राने टोमॅटो हे फळ आहे, फुलातून येतं, पोटात बिया धरतं, पैसे परत द्या. दोन्ही बाजूंच्या वकिलांनी शब्दकोश उघडून वाचून दाखवले. १० मे १८९३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला. न्यायमूर्ती होरेस ग्रे यांनी मान्य केलं की वेलीचं फळ या अर्थाने टोमॅटो फळच आहे, पण मग काकडी, भोपळा, घेवडा आणि वाटाणाही फळंच. लोक टोमॅटो जेवणात खातात, जेवणानंतरच्या गोडात खात नाहीत. व्यवहारात तो भाजी आहे, म्हणून कायद्यात भाजी.

न्यायमूर्ती याचं उत्तर वस्तूच्या शरीरात शोधत बसले नाहीत. ती ताटात कधी येते, एवढंच त्यांनी पाहिलं. जवळजवळ शंभर वर्षांनी आर्कान्सा राज्याने याहून मोकळा मार्ग काढला: १९८७ मध्ये तिथल्या टोमॅटोला राज्याचं फळ आणि राज्याची भाजी असा दुहेरी मान दिला. युरोपीय संघाच्या मुरंब्याच्या नियमांत टोमॅटो फळ आहे, गाजर आणि रताळंही. आपल्याकडे ताज्या टोमॅटोवर जीएसटी नाही. सॉस होऊन बाटलीत गेला की कर लागतो. रूप बदललं की नाव बदलतं, आणि नाव बदललं की जकात.

'हे नेमकं कुणाचं' याचा निकाल न्यायालयाने द्यावा म्हणून वाट पाहणं बेळगाव-निपाणीला नवं नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला हा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला आणि २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात उभा आहे. इथल्या माणसाला ठाऊक असतं की कागदावर एक नाव असतं आणि अंगणात दुसरं, आणि दोन्ही नावांनी हाक मारली की तोच माणूस ओ देतो. म्हणूनच टोमॅटोच्या प्रश्नाचं एक फार सुंदर उत्तर इथल्या दुभाषी बाजारात रोज ऐकू येतं.

कन्नडमध्ये फळ-भाजी या भेदाहून मुरलेला एक भेद आहे. तो 'कायी' आणि 'हण्णु' असा. कायी म्हणजे न पिकलेलं, हण्णु म्हणजे पिकलेलं. मराठीला हा भेद कैरी आणि आंब्यात ठाऊक आहे, शहाळं आणि नारळात ठाऊक आहे. कन्नड तो सरसकट करते. केळ्याची कायी भाजीला, हण्णु खायला. उत्तर कर्नाटकात भाजीपाल्याला 'कायिपल्ले' म्हणतात. हिरवा टोमॅटो कायी, तांबडा टोमॅटो हण्णु. वस्तू एकच, मधे फक्त थोडे दिवस गेलेले असतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे हा शब्द कुणी ठेवला असता तर न्यायमूर्तींना बहुधा विचारावं लागलं असतं की पेटी बंदरात कोणत्या दिवशी उतरली.

हे पिकणं जवळून पाहण्यासारखं असतं. पूर्ण भरलेल्या हिरव्या टोमॅटोच्या बुडाशी आधी फिकट पांढुरकी चांदणी उमटते. मग त्या चांदणीत गुलाबी झाक येते आणि लाली खालून वर, देठाकडे चढू लागते. फळ स्वतःच इथिलीन नावाचा वायू सोडतं, तो वायू पिकण्याला वेग देतो, आणि शेजारच्या फळालाही पिकवतो. हिरवा रंग विरतो, लायकोपीनचा तांबडा वर येतो. पानांत आणि हिरव्या फळात असलेलं टोमॅटिन नावाचं कडू द्रव्य पिकताना जवळजवळ नाहीसं होतं. बी तयार होईपर्यंत झाड प्राण्यांना दूर ठेवतं, आणि तयार झालं की रंग दाखवून बोलावतं.

म्हणून लांबच्या बाजाराचा माल चांदणीवर असतानाच तोडतात. बेळगावहून रोज भाजी गोव्याला जाते. संध्याकाळी कॅरेटमध्ये भरलेला टोमॅटो जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरतो. ताडपत्रीखाली, अंधारात, एकमेकांच्या श्वासाने म्हणावं तसं ते पिकत असतात. कर्नाटकातून निघाली ती कायी, गोव्यातल्या साखळीच्या बाजारात विकलं जाईपर्यंत ते हण्णु. घाटातल्या कुठल्या वळणावर तिचं रूप बदलू लागलं, हे चालकालाही सांगता येणार नाही.

या न सांगता येण्याला जैन विचारात मानाची जागा आहे. निपाणीजवळच्या वेदगंगा-दूधगंगेच्या संगमावरचं भोज हे विसाव्या शतकातले दिगंबर आचार्य शांतिसागर यांचं गाव. पुणे-बंगळूर महामार्गावर निपाणीलगतच स्तवनिधी हे जैन तीर्थ. या पट्ट्यात जैन शेतकऱ्यांची वस्ती पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. मराठी किंवा कन्नड बोलणारी, ऊस, तंबाखू आणि भाजी पिकवणारी. त्यांच्या परंपरेतला स्याद्वाद सांगतो की वस्तूबद्दलचं प्रत्येक विधान 'स्यात्' म्हणून, म्हणजे एका विशिष्ट अपेक्षेने खरं असतं. ती अपेक्षा द्रव्य, क्षेत्र, काल आणि भाव या चार अंगांनी सांगायची. टोमॅटोला ही चार अंगं लावून पाहावीत. द्रव्याने तो फळ. क्षेत्राने, म्हणजे स्वयंपाकघरात, भाजी. कालाने आज कायी, परवा हण्णु. भावाने एकाच्या घरी साराचा प्राण, दुसऱ्याच्या घरी सोवळ्याबाहेरचा. एका अपेक्षेने आहे, दुसऱ्या अपेक्षेने नाही, क्रमाने पाहिलं तर आहे आणि नाही, आणि एकाच दमात दोन्ही सांगायचं म्हटलं तर अवक्तव्य. घाटातल्या वळणावरचा तो टोमॅटो अवक्तव्य आहे.

यावरून कुणी म्हणेल, मग सगळंच सापेक्ष, काहीही खा. जैन घरातली बाई हे ऐकून घेणार नाही. विचारात एवढी मोकळीक देणारी ही परंपरा आचारात कमालीची ठाम आहे. दिगंबर मुनी दिवसातून एकदा, उभ्याने, ओंजळीत आहार घेतात. ओंजळीत केस किंवा जीव निघाला की तो अंतराय, त्या दिवसाचा आहार तिथेच थांबला. घरोघरी जमिनीखालचे कंद सोडलेले असतात. बावीस अभक्ष्यांत वांगं आहे, बहुबीज फळंही आहेत. टोमॅटोत बिया भरपूर. काही कडक नियमवाले त्यामुळे तो सोडतात, बहुतेक घरांत मात्र तो चालतो. इतकंच नाही, कांदा-लसूण सोडलेल्या रश्श्याला दाटपणा आणि गोडी आणायची जबाबदारी त्याच्यावरच येते. टोमॅटोत ग्लुटामेट हे द्रव्य भरपूर असतं, पिकताना ते वाढतं, आणि रश्श्याला मुरलेली, भरीव चव येते ती त्याने.

विचार मोकळा आणि आचार ठाम, हे एकत्र कसं नांदतं? एका वाटेनेच नांदू शकतं. नियम वस्तूवर बसवलेला नसतो, तो खाणाऱ्याने स्वतःवर घेतलेला असतो. 'मी वांगं खाणार नाही' हे व्रत आहे. 'वांगं वाईट आहे' हे विधान आहे. पहिल्यासाठी मनाची तयारी लागते, दुसऱ्यासाठी पुरावा लागतो. श्राद्धाच्या दिवशी टोमॅटो बाजूला ठेवणाऱ्या बाईने पितरांसाठी एक दिवस संयम धरलेला असतो. तो तिचा संयम आहे, टोमॅटोचा दोष नव्हे. हा भेद पुसट झाला की पुढचं सगळं बिघडतं.

निपाणीच्या शेतात टोमॅटोचं स्वतःचं एक सोवळं आहे आणि ते शास्त्रज्ञांनी सिद्ध केलेलं आहे. निपाणी हे तंबाखूचं गाव. वखारी, विड्या, आणि १९८१ चं शरद जोशींच्या नेतृत्वाखालचं तंबाखू उत्पादकांचं आंदोलन, ज्यात पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मारले गेले, ही त्या गावाची ओळख. तंबाखू हा टोमॅटोचा नात्यातला. दोघंही एकाच कुळातले आणि दोघंही अमेरिकेतून आलेले. तंबाखू आधी रुळला. अकबराचा सरदार असद बेग विजापूरहून परतताना तंबाखू आणि चिलीम घेऊन गेला आणि बादशहापुढे ठेवली, तेव्हा सतरावं शतक नुकतं उजाडलं होतं. या तंबाखूच्या पानावर एक रोग पडतो, पानं चट्ट्यापट्ट्याची होतात. त्याचं कारण शोधताना १८९० च्या दशकात रशियात इव्हानोव्हस्की आणि हॉलंडमध्ये बायेरिंक यांना जे सापडलं, तो माणसाला उमगलेला पहिला विषाणू. आणि हा विषाणू टोमॅटोलाही धरतो. पसरतो तो स्पर्शाने. वाळलेल्या तंबाखूतही तो टिकून राहतो, त्यामुळे विडी ओढलेला किंवा तंबाखू मळलेला हात रोपाला लागला तरी रोग पोचू शकतो.

म्हणून रोपं लावण्यापूर्वी हात साबणाने स्वच्छ धुवावेत असा सल्ला शेतीतज्ज्ञ देतात. काही ठिकाणी तर साय काढलेल्या दुधात हात बुडवून मग रोप उचलायला सांगतात, कारण दुधातली प्रथिनं या विषाणूला अडवतात. तंबाखू मळलेला तळवा, दुधाचं भांडं आणि वाफ्यातलं चार पानांचं रोप. शिवाशिवीचा हा नियम कुणाच्या जन्माला लागत नाही. तो हाताला लागतो, आणि हात धुतला की संपतो.

खाण्यात कसलंच सोवळं न पाळणारा एक पाहुणाही या मुलखाने पाहिला आहे. १८९२ च्या ऑक्टोबरात स्वामी विवेकानंद कोल्हापूरहून बेळगावात आले आणि भाटे वकिलांकडे उतरले. तेव्हा ते जगप्रसिद्ध झाले नव्हते. शिकागोला अजून वर्ष होतं. भाट्यांच्या मुलाने पुढे लिहून ठेवलेल्या आठवणींत आहे की जेवणानंतर या संन्याशाने पान-सुपारी मागितली आणि मग खायचा तंबाखूही, आणि घरच्यांना आश्चर्य वाटलं. सामिष की निरामिष, असं विचारल्यावर त्यांनी सांगितलं की परमहंसाला समोर येईल ते खावं लागतं, आणि काहीच आलं नाही तर उपाशी राहावं लागतं. परधर्मीयांच्या हातचं चालतं का, या प्रश्नावर आपण मुसलमानांकडे अनेकदा जेवलो आहोत, असं ते म्हणाले. श्राद्धाच्या पानातला संयम आणि संन्याशाची ही मोकळीक वरवर पाहता दोन टोकं वाटतात. मुळाशी दोन्ही व्रतंच. एकाने निवडून सोडण्याचं घेतलं, दुसऱ्याने निवडच सोडण्याचं.

आणि त्याच मुलखात तिसरी गोष्टही होती. १९२५ मध्ये निपाणीला बहिष्कृतांची प्रांतिक परिषद भरली, डॉ. आंबेडकर अध्यक्ष होते. ज्यांच्या हातचं पाणी चालत नाही असं गावाने ठरवलं होतं, त्यांची ती परिषद. भाजीच्या यादीत जो 'चालत नाही' हा शब्द निरुपद्रवी वाटतो, तोच माणसांना लावला होता. व्रत खाणाऱ्याचं असतं हे विसरून अशुद्धी समोरच्याच्या अंगाला चिकटवली की ती पिढ्यान्‌पिढ्या धुतली जात नाही, कारण ती तिथे मुळात नसतेच. टोमॅटो सोडणाऱ्याला कुणी हरकत घेऊ नये. माणूस सोडणाऱ्याला धर्माचा आधार घेऊ देऊ नये. या दोन गोष्टींना एकच 'सोवळं' हा शब्द वापरत राहिल्याने मराठी समाजाने अतोनात दुःख दिलं आहे आणि भोगलं आहे.

अन्नाविषयी उपनिषदाने घातलेला नियम वेगळाच आहे. तैत्तिरीयात भृगू वडिलांकडे, वरुणाकडे, ब्रह्म म्हणजे काय हे विचारायला जातो. तप करून आल्यावर त्याला पहिलं उत्तर सापडतं ते अन्न. पुढे तो प्राण, मन, विज्ञान असा आनंदापर्यंत जातो, पण पहिली पायरी गळत नाही. त्यानंतर त्याला व्रतं सांगितली आहेत: अन्नाची निंदा करू नये, अन्न झिडकारू नये, अन्न भरपूर करावं. यादी नाही, अपवाद नाही.

ही तीन व्रतं टोमॅटोच्या शेतकऱ्यासमोर ठेवली की मन अस्वस्थ होतं. २०२३ च्या जुलैत देशभर टोमॅटो किलोला शंभर रुपयांच्या वर गेला, काही शहरांत दोनशेच्याही पुढे. शेतात राखण बसली. ते पाहून लागवड वाढली, आणि सप्टेंबर येईतो नाशिककडे किलोला पाच रुपये मिळणं मुश्कील झालं. तोड्याची मजुरी आणि गाडीभाडं अंगावर पडणार हे दिसल्यावर शेतकऱ्यांनी माल रस्त्यावर ओतला. सीमाभागातला शेतकरीही याच बाजाराला बांधलेला आहे. टोमॅटो ९४-९५ टक्के पाणी. दोन-चार दिवस थांबला की हातातून गेला. कांद्यासारखा चाळीत ठेवता येत नाही. भरपूर पिकवण्याचं तिसरं व्रत त्याने पाळलं, आणि त्यामुळेच दुसरं मोडण्याची पाळी त्याच्यावर आली. २०११ मध्ये स्पेनच्या धर्तीवर टोमॅटोफेकीचा खेळ बंगळूर-म्हैसूरला भरायचा होता, तेव्हा अन्नाची नासाडी म्हणून कर्नाटक सरकारने परवानगी नाकारली. तो निर्णय योग्यच होता. मात्र खेळात फेकलेल्या टोमॅटोला जो न्याय मिळाला, तो हताशपणे ओतलेल्या टोमॅटोला आजवर मिळालेला नाही. तिथे अन्न कुणी झिडकारलं? कॅरेट उपडं करणाऱ्या हातांनी नक्कीच नाही.

हे सगळं वाचून श्राद्धाच्या पानात टोमॅटो घालावा का, असं कुणी विचारलं तर ज्याच्या-त्याच्या घराने ठरवावं. काही घरं आता विधीचं पान नियमाप्रमाणे करतात आणि बाकीच्यांच्या जेवणात आजोबांचं आवडतं सारही ठेवतात. भोपळ्यासारखा एक दिवस टोमॅटोही आत येईल, कुणी ठराव न करता, आणि तेव्हाच्या पणतवंडांना तो कधी बाहेर होता हे सांगूनही खरं वाटणार नाही.

सध्या तो परसात आहे. सीमाभागातल्या जुन्या घरांत मागे मोरीचं पाणी जिथे जिरतं, तिथे भांड्यांबरोबर वाहून गेलेल्या बिया रुजतात. टोमॅटोच्या बीभोवतीचा गर त्याला फळातच रुजू देत नाही. तो कुजून धुऊन निघाला की अंकुर फुटतो. हे बी जनावराच्या आणि माणसाच्या पोटातूनही जिवंत बाहेर पडतं. कुणी लावलेलं नाही, कुणी खत घातलेलं नाही, तरी पावसाळा सरताना रोप कमरेएवढं होतं आणि पसरत तुळशीवृंदावनाच्या कट्ट्याला टेकतं. तिथून ते उपटायचं कुणाच्या मनात येत नाही. पितृपक्षात त्याला हिरवी फळं लागलेली असतात. वाडीचं पान ठेवायला मागच्या दाराने आलेला माणूस पदर सावरावा तशा त्याच्या फांद्या बाजूला करतो, पान कट्ट्यावर ठेवतो, आणि कावळ्याची वाट पाहत उभा राहतो. खालच्या फळाच्या बुडाशी पांढुरकी चांदणी उमटलेली असते.